वणीचं निळं पाणी

वणीजवळच्या जुन्या कोळसा खाणीत साचलेलं निळं पाणी बघून हात आधी कॅमेऱ्याकडे जातो. मस्तच दिसतं! पण हा तलाव कुणी बांधलेला नाही. पंप बंद झाले, बस्स. खुली खाण चालू असेपर्यंत पाणी उपसावंच लागतं. कोळसा संपून उपसा थांबला की भूजल आणि पाऊस मिळून खड्डा भरून टाकतात.

१९०५ पर्यंत या अख्ख्या जिल्ह्याचं नावच 'वून' होतं, म्हणजे इंग्रजांच्या तोंडची वणी. १९७३ मध्ये कोळसा खाणी सरकारी झाल्या, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स आली. त्याआधी इथे काळी माती होती, कपाशी होती. फोटोत ती येत नाही. काठसुद्धा फसवा बरं का: तळ्यासारखा उतार नाही, खाणीची उभी भिंत. पाय घसरला की थेट खोल पाणी.