समृद्ध देशातला पूर : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

जुलै 2021च्या मध्यावर पश्चिम जर्मनीतल्या आर नदीला पूर आला आणि त्या एका लहानशा खोऱ्यात 130हून अधिक माणसे मेली. त्यानंतर जेमतेम आठवडाभराने आपल्याकडे चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले. आपल्या पुरांची कारणे शोधताना निधी अपुरा, यंत्रणा तोकडी, नकाशे जुने ही उत्तरे चटकन सुचतात आणि त्यांत तथ्यही असते. जर्मनीत मात्र ती पुरत नाहीत. तिथे पैसा होता, नदीवर मापन केंद्रे होती, पूरनकाशे तयार होते, हवामानतज्ज्ञांनी आधीच इशारेही दिले होते. श्रीमंत देशातला पूर अभ्यासायचा तो यासाठीच. साधनांची उणीव बाजूला झाली की माणसांनी घेतलेले निर्णय स्वच्छ दिसू लागतात.

या विषयात पाऊल ठेवणाऱ्याला जलशास्त्राची पूर्वतयारी लागत नाही. पाण्याची वाट धरून चालले तरी पुरे. सुरुवात पावसापासून होते. त्या जुलैत एक कमी दाबाचे क्षेत्र जवळजवळ एकाच जागी रेंगाळले आणि त्याचा पाऊस आधीच भिजून तुडुंब झालेल्या जमिनीवर कोसळला. तापलेल्या हवामानात असा पाऊस अधिक संभवतो, असे शास्त्रज्ञांच्या एका गटाने पुढच्याच महिन्यात मांडले. पण पावसाचा पूर होतो तो पाणलोटात. आरचे खोरे अरुंद, उतार तीव्र, मातीचा थर पातळ. वाहून आलेली झाडे, मोटारी, कॅराव्हॅन पुलांच्या कमानींत अडकल्या, पाणी तुंबले आणि मग लोंढ्याने सुटले. जर्मन नद्यांच्या प्रवाहात माणसाचा हात तर बराच जुना आहे. इंजिनिअर टुला यांच्या योजनेनुसार 1817पासून वरच्या ऱ्हाईनची वळणे कापली गेली आणि नदी सुमारे 80 किलोमीटरने आखूड झाली. वरच्या गावांची दलदल हटली. पुराची लाट मात्र खालच्या शहरांकडे पूर्वीपेक्षा लवकर पोचू लागली.

पुढचा टप्पा आकड्यांचा, आणि नवखा वाचक इथेच फसतो. ‘शंभर वर्षांतला पूर’ म्हणजे दरवर्षी एक टक्का शक्यता असलेला पूर. काल येऊन गेला म्हणून उद्या येणार नाही असे नाही. तीस वर्षांचे गृहकर्ज फेडेपर्यंत तो एकदा तरी गाठण्याची शक्यता चारात एकाहून थोडी जास्त भरते. आपल्या पूररेषाही अशाच हिशेबावर आखल्या जातात. हिशेबाचा पाया असतो नोंदी. आरला 1804 आणि 1910मध्ये भीषण पूर आले होते, पण धोक्याच्या नकाशांचा आधार होता 1947नंतरची मोजमापे. जुने पूर इतिहासाच्या पुस्तकांत होते, गणितात नव्हते.

परिणामांचे चित्रही सरधोपट नाही. श्रीमंत देशात पुराने माणसे कमी मरतात आणि मालमत्ता जास्त बुडते, हा ढोबळ नियम खरा आहे. पण मरतात कोण, हे विचारावे लागते. 2021च्या पुरात आरकाठच्या झिन्झिग गावात अपंगांच्या निवासगृहातले बारा जण गेले. समृद्ध समाजातही इशारा सर्वांपर्यंत सारख्या वेगाने पोचत नाही आणि पोचला तरी प्रत्येकाला जिना चढता येत नाही. विम्याचेही तसेच. तेव्हा जर्मनीतल्या निम्म्याहून कमी घरांना पुराचे विमासंरक्षण होते. पुनर्बांधणीसाठी सरकारने 30 अब्ज युरोंचा निधी उभा केला. सरकार धावून येणारच असेल तर हप्ता कोण भरेल, हा वाद तिथे अजून चालू आहे.

उपायांबद्दलची मूळ शंका अमेरिकन भूगोलज्ञ गिल्बर्ट व्हाइट यांनी 1945मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात मांडली. बांध घातला की त्याच्या आड वस्ती वाढते. मग बांध ओलांडणारा एखादा पूर पूर्वीपेक्षा मोठे नुकसान करतो. नेदरलँड्सने हा धडा 1995च्या पुरानंतर गिरवला. तेव्हा सुमारे अडीच लाख लोकांना हलवावे लागले होते. बांध आणखी उंच करत बसण्याऐवजी नदीलाच जागा द्यायची, असा कार्यक्रम तीसहून अधिक ठिकाणी राबवला गेला. नायमेखेन शहरासमोर लेंट इथे बांध 350 मीटर मागे सरकवला, नदीला दुसरे पात्र खोदले. त्यासाठी सुमारे पन्नास घरे गेली. त्या कुटुंबांना हा उपाय कसा दिसला, हाही अभ्यासाचाच भाग आहे.

या क्षेत्रात अभियंता, अर्थशास्त्रज्ञ, इतिहासकार आणि समाजशास्त्रज्ञ एकाच नदीबद्दल वेगवेगळे बोलतात. नवागताने त्यांतला एक पक्ष घाईने निवडू नये. प्रत्येक उपायाला तीन प्रश्न विचारावेत : यामुळे पाणी कुणाकडे सरकले, खर्च कुणी सोसला आणि हिशेबात कोणते जुने पूर धरले? आरच्या खोऱ्यात 2021नंतर अगदी मोजकी घरे वगळता बाकीची पुन्हा जुन्याच जागी उभारायला परवानगी मिळाली. तो निर्णय योग्य होता का, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. आपले मत तपासायला आणि बदलायला तयार असलेल्या वाचकाचे या वादात स्वागत आहे.