त्र्याण्णव की नव्वद तीन?

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून केवढा गदारोळ झाला होता, आठवतंय? एकवीसच्या जोडीला 'वीस एक', त्र्याण्णवच्या जोडीला 'नव्वद तीन' असं वाचन त्यात आलं. भाषा बुडाली म्हणून ओरड झाली, विनोद फिरले, विधानसभेतही विषय निघाला.

गणित समितीच्या अध्यक्षा होत्या मंगला नारळीकर. त्यांचा मुद्दा साधा होता. 'त्रेसष्ट' म्हणताना तीन आधी येतो, लिहिताना मात्र सहा आधी. कानावर पडलं तसं लिहिलं की पोर ३६ लिहून मोकळं! त्यात पुन्हा जोडाक्षरं. कन्नड-तेलुगूत दशक आधी बोलतात, तिथे ही अडचण येत नाही. आणि जुनी नावं काही रद्द केलेली नव्हती.

मला स्वतःला त्रेसष्ट, त्र्याण्णव प्रिय आहेत, ती टिकायलाच हवीत. पण आकडा ऐकतानाच गोंधळलेलं सात वर्षांचं मूल 'मला गणित येत नाही' असं ठरवून टाकतं, आणि ती भीती मग वर्षानुवर्षं जात नाही. खरं तर त्याचं अडलेलं असतं ते मराठीत!

२०२३ मध्ये नारळीकरबाई गेल्या. विनोद विसरले गेले. त्यांचा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे.