तगरची वाट आणि इटलीचे मद्य

आमच्या परिचयातील एक निवृत्त अभियंते गतवर्षी सपत्नीक इटलीस जाऊन आले, आणि तेथील टस्कनी प्रांतात आठ-दहा जणांच्या लहानशा मेळ्यासमवेत, एका वाटाड्याच्या मागोमाग, द्राक्षमळे, दगडी तळघरे आणि ओकच्या लाकडाची प्रचंड पिंपे पाहत त्यांनी जे दोन दिवस घालविले त्यांचे वर्णन तेलगावच्या चौफुलीवरील चहाच्या टपरीवर बसून त्यांनी आम्हांस इतक्या भक्तिभावाने ऐकविले की, काशीयात्रेहून परतलेल्या मागच्या पिढीतील वडीलधाऱ्यांचे स्मरण व्हावे. पेला कसा धरावा, तो प्रथम डोळ्यांनी, मग नाकाने आणि सर्वांत शेवटी जिभेने कसा जोखावा, कोणत्या डोंगरउतारावरील द्राक्षाला कोणता गुण येतो, हे सर्व त्यांनी साद्यंत सांगितले, आणि अखेरीस एक सुस्कारा टाकून म्हणाले, ‘त्यांच्याकडे या गोष्टीला दोन हजार वर्षांचा इतिहास आहे हो, आपल्याकडे काय आहे?’ चहा निवत आला होता, म्हणून मी त्या वेळी वाद घातला नाही. परंतु ज्या इतिहासाचा त्यांना हेवा वाटला त्याचे एक पान आपल्याच मुलखात लिहिले गेले आहे, आणि ज्या टपरीवर ते बसले होते तिच्यापासून ते फार दूर नाही, हे त्यांना व त्यांच्यासारख्या इतरांना सांगितले पाहिजे असे तेव्हापासून मनात आहे.

तेलगावच्या चौफुलीवरून चार रस्ते फुटतात. पश्चिमेचा वडवणीवरून बीडास जातो, पूर्वेचा सिरसाळ्यावरून परळीस, उत्तरेचा माजलगावास, आणि दक्षिणेचा बालाघाटाच्या डोंगररांगेत शिरून घाट चढत धारूरच्या किल्ल्यापाशी पोहोचतो. या धारूरच्या नशिबी एके काळी मोठा विद्वन्मान आला होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक लेखकाने जिचे वर्णन केले ती ‘तगर’ नावाची दख्खनची विख्यात पेठ नेमकी कोठली, यावर एकोणिसाव्या शतकात पंडितांत बराच खल चालला होता. कोणी देवगिरीचे नाव घेई, कोणी जुन्नरचे. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी, पैठणपासूनची दिशा व अंतर ध्यानी घेऊन, निजामाच्या राज्यातील धारूरकडे बोट दाखविले. पुढे 1901 साली फ्लीट यांनी तगर म्हणजे तेरणाकाठचे तेर होय असे प्रतिपादन केले, ते विद्वानांस मान्य झाले, आणि धारूरचा तो मान गेला. शिलाहार राजे स्वतःस ज्या तगरपुराचे अधीश्वर म्हणवून घेत ते हेच तेर. तथापि भांडारकरांची ती चूक मला अनेकांच्या बरोबर उत्तरांपेक्षा अधिक प्रिय आहे. कारण नगर चुकले तरी मुलूख चुकला नव्हता. पैठणहून तेरला सरळ रेघ ओढली तर ती बीडच्या आसपासून जाते आणि आमचे तेलगाव तिच्या पूर्वेस राहून जाते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. परंतु गोदावरीच्या खोऱ्यातून तेरणेच्या खोऱ्यात उतरू पाहणाऱ्या प्रत्येक गाडीवानाला कोठे ना कोठे हा बालाघाट ओलांडल्यावाचून गत्यंतर नव्हते.

त्या ग्रीक लेखकाचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. तो इजिप्तमध्ये राहणारा व्यापारी असावा, आणि ‘एरिथ्रियन समुद्राचे पेरिप्लस’ म्हणून ओळखली जाणारी त्याची वही ही साहित्यकृती नसून निव्वळ धंद्याची टिपणवही आहे. कोणत्या बंदरी काय खपते, कोणता माल परत आणावा, कोठे खडक आहेत आणि कोठला राजा लोभी आहे, इतकेच त्याला सांगावयाचे आहे. बारिगाझा, म्हणजे आपले भडोच, या बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी तो देतो, आणि तीत सर्वांच्या आधी येते ते मद्य. त्यातही प्रतवारी आहे: पहिली पसंती इटलीच्या मद्याला, नंतर सीरियातील लाओडिसियाचे आणि अरबस्तानचे. त्यामागून तांबे, कथील, शिसे, पोवळी. आणि राजासाठी म्हणून चांदीची पात्रे, गाणारी मुले, सुंदर दासी, तलम वस्त्रे, उत्तम उटणी आणि पुन्हा एकदा निवडक मद्य. हा राजा म्हणजे नहपान क्षत्रप, असे अभ्यासक मानतात. सातवाहनांशी त्याचे हाडवैर होते, आणि कल्याणच्या बंदराकडे चुकून गेलेले ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेले जाई, असे तोच व्यापारी सांगतो. जकातीच्या उत्पन्नासाठी दोन सत्तांनी परस्परांचा व्यापार पळवावा, ही रीत काही कंपनी सरकारने आणली नव्हती.

भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, हा त्याचा हिशेब. पैठणहून अकीक येत असे आणि तगरहून जाडेभरडे कापड व मलमल विपुल प्रमाणात येत असे. आणि हा सगळा माल मोठमोठ्या वाटहीन प्रदेशांतून गाड्यांवर लादून भडोचला उतरविला जाई. हे वर्णन वाचले की मला प्रत्येक वेळी आमचा घाट दिसतो: उन्हाळ्यात तापलेले काळे कातळ, बोरी-बाभळी, सीताफळीची खुरटी झुडपे, आणि चढावर मान खाली घालून जू ओढणारे बैल. कापड घेऊन उतरणीला लागलेल्या गाड्या परतताना रिकाम्या येत नसणार. रिकामी गाडी हाकणे हे कोणत्याही युगातील गाडीवानाला परवडलेले नाही.

त्यांवर इटलीचे मद्य होते काय? येथे थोडे सावकाश जाणे इष्ट. इटलीतील ज्या भागाचे मद्य त्या काळी सर्वश्रेष्ठ गणले जाई तो टस्कनी नव्हे. तो नेपल्सच्या भोवतालचा कंपानिया प्रांत, आणि त्याच्या उत्तर सीमेवरील फालेर्नियन मळे. तेथील मद्य ज्या रांजणांत भरीत त्यांस ॲम्फोरा म्हणतात: उंच मान, दोन बाजूंस दोन कान, आणि बूड निमुळते, जमिनीवर उभे न राहणारे, परंतु गलबताच्या तळाशी वाळूत रोवून ओळीने रचता येईल असे. आतून राळेचा लेप आणि तोंडाला बूच. एका रांजणात अदमासे 26 लिटर मद्य मावे. कंपानियाच्या रांजणाची खापरी हाती आली तर ती ओळखण्यास पंडित असावे लागत नाही, नुसती नजर असली तरी पुरे: भाजलेल्या मातीत काळ्या चकचकीत कणांची दाट पखरण दिसते. ती व्हेसुव्हियस ज्वालामुखीची वाळू. नेवाशाच्या उत्खननात, म्हणजे 1954 नंतर डॉ. सांकलियांनी प्रवरेच्या काठी जे खोदकाम केले त्यात, असे रांजणाचे तुकडे समुद्रापासून इतक्या आत मिळाले. कोल्हापुरास ब्रह्मपुरीच्या टेकडीवर रोमन घडणीच्या काशाच्या सुरया आणि सागरदेव पोसायडनची चिमुकली मूर्ती सापडली. अर्थात दख्खनमध्ये मिळालेली प्रत्येक खापरी रोमन समजण्याची जी हौस मध्यंतरी आली होती ती रोबर्टा टॉम्बर यांच्यासारख्या तज्ज्ञांनी बरीच उतरविली. रोमन म्हणून नोंदविलेल्यांपैकी पुष्कळ तुकडे प्रत्यक्षात इराक-इराणकडील डांबर लेपलेल्या रांजणांचे निघाले. माझा आपला तर्क असा की, रिकाम्यानेही जड असणारा तो टोकदार रांजण घाटावर चढविण्यापेक्षा शहाण्या व्यापाऱ्याने भडोचलाच मद्य चामड्याच्या पखालीत ओतून घेतले असावे. पखालीची खापरे होत नाहीत आणि चामडे दोन हजार वर्षे टिकत नाही, म्हणून पुरावा थोडा. हा तर्क आहे, सिद्धांत नव्हे. परंतु भिस्त्याची पखाल ज्याने पाहिली आहे त्याला तो चमत्कारिक वाटू नये.

आता तेरकडे वळू. तेलगावहून धारूर, केज, कळंब असे गेल्यास हे गाव सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. वारकऱ्यांना ते गोरोबाकाकांचे गाव म्हणून ठाऊक. थापटण्याने एकेका संताचे मस्तक ठोकून कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे हे सांगणाऱ्या त्या कुंभाराच्या गावी पायाखालची जमीनच खापरांची असावी, हा योग मला मोठा समर्पक वाटतो. गावच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीच्या टेकाडांवरून आयुष्यभर वेचून जमविलेल्या वस्तूंतून तेथील शासकीय संग्रहालय उभे राहिले. रोमन नाण्यांच्या अनुकरणाने केलेल्या मातीच्या चकत्या, रोमन धाटणीचे दिवे, मणी, शंखाच्या बांगड्या. आणि या सर्वांत एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती. मूर्ती लहान आहे, परंतु अंगावरील दागिने इतके निगुतीने कोरलेले की, कारागिराची नजर अधू नव्हती याची खात्री पटावी. अशाच घडणीची एक मूर्ती जालना जिल्ह्यातील भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन, येथे मिळाली. आणि तिसरी मिळाली इटलीत: 1938 साली पाँपेई येथील एका घराच्या उत्खननात निघालेली, आता नेपल्सच्या संग्रहालयात असलेली, तशीच अलंकारभूषित भारतीय हस्तिदंती मूर्ती.

या योगायोगाचे मर्म असे की, पाँपेई कंपानियातच आहे. ज्या डोंगरउतारावरून मद्य निघून भडोचच्या वाटेला लागत होते, त्याच्याच पायथ्याशी आपल्याकडील हस्तिदंती मूर्ती एखाद्या श्रीमंताच्या दालनात विराजमान झाली होती. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसचा स्फोट झाला आणि मळे, तळघरे, रांजण व ती मूर्ती एकाच राखेखाली गेली. हिंदुस्थानच्या व्यापारापायी साम्राज्याचे दरसाल पाच कोटी सेस्टर्स बाहेर जातात अशी तक्रार ज्या रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवली, आणि ज्याने इटलीच्या मद्यांची प्रतवारी पानेच्या पाने भरून केली, तोही त्याच उत्पातात मृत्यू पावला.

यानंतरचा इतिहास मी झपाट्याने उरकतो, कारण तो बहुतांशी महसुलाचा आहे. दौलताबादेस वर्षातून दोनदा द्राक्षे येतात असे इब्न बतूता चौदाव्या शतकात नोंदवितो, म्हणजे वेल आपल्याकडे रुजला होता; परंतु त्याचे मद्य करण्याची परंपरा मात्र रुजली नाही. आमच्या मुलखात चालले ते शिंदी आणि मोहाचे राज्य. निजामाच्या आमदानीत आबकारी हे संस्थानच्या उत्पन्नाचे एक मोठे कलम होते. गुत्तेदार लिलावात बोली बोलत, झाडांवर कर बसे, आणि दारूच्या दुकानाला मराठवाड्यात गुत्ता हे जे नाव पडले ते याच व्यवहारातून. पुढे हैदराबाद संस्थान गेले, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि मुंबईचा 1949 चा दारूबंदी कायदा इकडेही लागू झाला. द्राक्षाच्या मद्याला राज्यात प्रतिष्ठा मिळाली ती नारायणगाव व नाशिक येथील उद्योजकांमुळे आणि 2001 च्या शासकीय धोरणामुळे. ज्या सहलीचे आमच्या अभियंत्यांना इतके अप्रूप वाटले तीही इटलीत फार प्राचीन नाही. टस्कनीतील किआंती मद्याच्या प्रदेशाची हद्द तेथील अधिपती तिसरा कोसिमो याने 1716 साली आखून दिली हे खरे. परंतु शेतावर पाहुणे ठेवण्याचा इटलीचा कायदा 1985 चा, आणि ‘मद्याचे रस्ते’ आखून देणारा 1999 चा. तळघरे जुनी आहेत, तिकीट नवे आहे.

तेलगावपाशी आज द्राक्ष नाही, ऊस आहे. सुंदरराव सोळंके यांच्या नावाचा सहकारी साखर कारखाना गावाजवळच उभा आहे, आणि गाळप हंगामात चौफुलीवरून उसाच्या ट्रॉल्यांची रांग हटत नाही. उसाच्या मळीपासून मद्यार्क निघतो. त्याचे कौतुक करण्यास कोणी पेला हातात धरून येत नाही. दसरा झाला की याच वाटेने ट्रॅक्टर भरभरून ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात. त्यांच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात, आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशाला ‘उचल’. तगरच्या गाड्यांतून कापड बाहेर जाई; बालाघाटाच्या गाड्यांतून आता माणसे बाहेर जातात. त्या ग्रीक व्यापाऱ्याने आजची यादी केली असती तर आमच्या नावापुढे कोणता माल लिहिला असता, हे मी येथे लिहीत नाही.

अभियंत्यांना मी परवा हे सर्व सांगितले. ते काही वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले की नेपल्स त्यांनी पाहिले, पाँपेईही पाहिले, परंतु तेरला ते कधी गेलेले नाहीत. तेव्हा येत्या रविवारी आम्ही दोघे सकाळी सातला चौफुलीवरून निघत आहोत. गाडी त्यांची आहे आणि वाटाड्या मी; मागच्या आसनावर आणखी तिघांना जागा आहे, ज्यांना यायचे असेल त्यांनी टपरीवर निरोप ठेवावा.