चालींची लिपि

रंगीत चौकटींचा फिरता ठोकळा आज खेड्यापाड्यांतील मुलांच्याहि हातीं दिसतो. त्याला रुबिकचा क्यूब म्हणतात. त्याच्या संगतीं कधीं कधीं एक कागद येतो आणि त्यावर आर, यू, एफ अशा इंग्रजी अक्षरांची रांग छापलेली असते. कांहीं अक्षरांच्या शेजारीं स्वल्पविरामासारखी रेघ, कांहींच्या पुढें दोनाचा आंकडा. नायगांवच्या एखाद्या मुलास ती रांग म्हणजे परकी लिपि वाटली तर नवल नाहीं. परंतु खेळांतील चाली अक्षरांनीं लिहिण्याची विद्या त्याच्या मुलखाला परकी नाहीं. एकेकाळीं ती याच मुलखावर राज्य करणाऱ्या दरबारांत नांदत होती.

नायगांवाहून दक्षिणेस निघालें कीं देगलूर लागतें. त्या तालुक्यांत होट्टल येथें सिद्धेश्वराचें चालुक्यकालीन देऊळ उभें आहे. त्या चालुक्यांची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचें बीदर जिल्ह्यांतील बसवकल्याण. तेथील राजा तिसरा सोमेश्वर, ज्यास भूलोकमल्ल म्हणत, यानें इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यांतील गीतांच्या प्रकरणांत जुन्या मराठीचे नमुने सांपडतात म्हणून मराठीच्या अभ्यासकांस तो ठाऊक असतो. खेळांच्या प्रकरणाकडे मात्र त्यांचें लक्ष क्वचितच जातें. ग्रंथाचे विभाग पांच, प्रत्येकांत अध्याय वीस. शेवटच्या क्रीडाविंशतींत बुद्धिबळ येतें, आणि तेथें सोमेश्वरानें घोड्याच्या चौसष्ट घरांची वाट लिहून ठेविली आहे.

घोडा अडीच घरें चालतो. पटावरील एकहि घर दोनदां न शिवतां त्यानें चौसष्टहि घरें फिरून यावीं, हें जुनें कोडें आहे. ज्यास तें सुटलें त्यानें तें दुसऱ्यास सांगावें कसें? पट समोर असेल तर बोटानें दाखवितां येईल. पण बोट ग्रंथांत घालतां येत नाहीं. सोमेश्वरानें पटाच्या एका दिशेच्या आठ रांगांस आठ व्यंजनें दिलीं आणि दुसऱ्या दिशेच्या आठ रांगांस आठ स्वर. व्यंजन व स्वर जेथें मिळतात तेथें घर. ज्या मुलानें पाटीवर बाराखडी गिरविली आहे त्यास हा पट नव्यानें शिकवावा लागत नाहीं. उदाहरणासाठीं क, ख, ग, घ हे उभे स्तंभ आणि अ, आ, इ, ई या आडव्या ओळी मानल्या, तर 'क' या घरांतील घोडा 'खि' वर उडी घेतो, तेथून 'घी' वर. चौसष्ट अक्षरें ओळीनें म्हटलीं कीं सगळी फेरी पुरी होते, आणि तीं पद्यांत बसविलीं कीं पाठहि होतात.

ही कल्पना एकट्या सोमेश्वराची नव्हे. काश्मीरच्या रुद्रटानें नवव्या शतकांत अर्ध्या पटाचा, म्हणजे बत्तीस घरांचा, तुरगपदबंध श्लोकांत साधला होता. चौदाव्या शतकांत श्रीरंगमच्या पादुकांवर काव्य करणाऱ्या वेदान्तदेशिकानें बत्तीस अक्षरांचा एक श्लोक असा रचला कीं, घोड्याच्या चालीनें तो वाचला असतां पुढचा श्लोक निघतो. सतराव्या शतकांत पैठणहून काशीस गेलेल्या भट्टघराण्यांतील नीलकंठानेंहि नीतिमयूखांत बुद्धिबळाला व घोड्याच्या फेऱ्यांना जागा दिली. याच नीलकंठाचा व्यवहारमयूख पुढें मुंबईच्या न्यायालयांत वारसाहक्काच्या वादांत प्रमाण मानला गेला. धर्मशास्त्र्यास घोड्याची वाट लिहून ठेवण्याजोगी वाटली, ही गोष्ट त्या काळच्या विद्वत्तेविषयीं बरेंच सांगून जाते.

रुबिकच्या ठोकळ्यानें हाच प्रश्न अधिक अवघड करून पुढें मांडला. बुडापेस्टच्या एर्नो रुबिक या अध्यापकानें तो १९७४ मध्यें बनविला. आपणच बनविलेला ठोकळा विस्कटल्यावर पूर्ववत् करण्यास त्यालाहि महिन्याहून अधिक काळ लागला. पटावरील घर जागचें हालत नाहीं. येथें मात्र एक बाजू फिरविली कीं नऊ चौकटींची ती बाजू तर फिरतेच, पण शेजारच्या चार बाजूंच्याहि तीन तीन चौकटी जागा बदलतात. ठोकळ्याच्या शक्य मांडण्या ४,३२,५२,००,३२,७४,४८,९८,५६,००० इतक्या आहेत. घोड्याप्रमाणें घरांना नांवें देऊन येथें भागत नाहीं, कारण घरांतील रहिवासी दर चालीस बदलतात. रंगाचें नांव घ्यावें, तर एका ठोकळ्याचे रंग दुसऱ्याशीं जुळतीलच असें नाहीं.

लंडनचे गणिती डेव्हिड सिंगमास्टर यांना हा ठोकळा १९७८ मध्यें हेलसिंकीच्या गणितपरिषदेच्या वेळीं मिळाला. १९७९ पासून त्यांनीं त्यावर टिपणें प्रसिद्ध केलीं आणि त्यांतील लेखनपद्धति जगभर रूढ झाली. त्यांनीं नांव घराला दिलें नाहीं, रंगालाहि दिलें नाहीं. दिलें तें हात लावण्याच्या जागेला. पुढची बाजू एफ, मागची बी, उजवी आर, डावी एल, वरची यू, खालची डी. इंग्रजींत 'मागची' आणि 'तळाची' या दोन्ही शब्दांचें आद्याक्षर एकच पडतें, म्हणून तळास 'खालची' म्हणणें सोयीचें झालें. मराठींत ही अडचण मुळींच येत नाहीं: पु, मा, उ, डा, व, खा, हीं सहाहि अक्षरें निरनिराळीं आहेत. कोणीं तीं रूढ केलीं नाहींत, एवढेंच.

वाचण्याची रीत अशी. ठोकळा एकदां समोर धरला कीं पुढची बाजू ती पुढची, वरची ती वरची. रांग संपेपर्यंत तो हातांत वळवावयाचा नाहीं. नुसतें अक्षर आलें तर ती बाजू घड्याळाच्या कांट्याप्रमाणें पाव फेरा फिरवावी. शेजारीं रेघ असेल तर उलट पाव फेरा. दोनाचा आंकडा असेल तर अर्धा. नवशिका अडखळतो तो घड्याळापाशीं. कांट्याची दिशा त्या त्या बाजूकडे तोंड करून पाहिल्यास जी दिसेल ती घ्यावयाची असते. म्हणून 'आर' म्हणतां उजवीकडील पुढचा स्तंभ वर जातो, आणि 'एल' म्हणतां डावीकडील पुढचा स्तंभ खालीं येतो, जरी दोन्ही फेरे सुलटच आहेत. मागची बाजू तर पुढून पाहणारास उलटीच फिरल्यासारखी भासते.

येथें सोमेश्वराच्या लिपीचा एक मोठा गुण ध्यानांत येतो. घोड्याच्या वाटेंत लेखनिकानें एक अक्षर चुकविलें तर चूक तत्काळ उघडी पडते, कारण घोड्याला तशी उडी घेतां येत नाहीं. मागचें व पुढचें घर पाहून बहुधा खरें अक्षर भरूनहि काढतां येतें. ठोकळ्याच्या रांगेंत ही सोय नाहीं. रेघ एक सुटली तरी ठोकळा मुकाट्यानें फिरतो. दोष कळतो तो अखेरीस, आणि कोठें घडला तें तो सांगत नाहीं. पोथ्यांच्या नकला हातानें होत असत त्या काळीं आपली चूक आपणच दाखविणारी लिपि लाभली, हें घोड्याचें भाग्य होतें.

उलट वाचनांतहि असाच भेद आहे. घोड्याचीं अक्षरें शेवटापासून वाचलीं कीं तो त्याच वाटेनें परत येतो. ठोकळ्याचें तसें नाहीं. 'आर, यू' केलेलें मोडावयाचें तर आधीं उलटा यू, मग उलटा आर. सदऱ्यावर कोट चढविला असेल तर आधीं कोट उतरवावा लागतो, तसेंच हें. 'आर, यू' आणि 'यू, आर' हीं एक नव्हेत. आर, यू, उलटा आर, उलटा यू ही चौकडी सहा वेळां केली कीं जुळलेला ठोकळा पुन्हां जुळतो. नुसती 'आर, यू' ही जोडी मात्र एकशेंपांच वेळां करावी लागते. हें मोजून पाहण्यास गणित येणें जरूर नाहीं, धीर पुरेसा आहे.

लिपि एक ठरल्यामुळें एकाची युक्ति दुसऱ्यास टपालानें कळूं लागली आणि पुढें गणकयंत्रांसहि. २०१० मध्यें रोकिकी, कोसिएम्बा, डेव्हिडसन व डेथरिज या चौघांनीं गणकयंत्रांच्या साह्यानें सिद्ध केलें कीं, ठोकळा कितीहि विस्कटलेला असो, अर्धा फेराहि एकच चाल धरली तर त्यास पूर्वस्थितीवर आणण्यास वीसांहून अधिक चाली कधींच लागत नाहींत. कल्याणीच्या चालुक्यांचें राज्य सोमेश्वरानंतर पाऊणशें वर्षांच्या आंतच लयास गेलें. मानसोल्लास मात्र बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांच्या संपादनानें १९२५, १९३९ आणि १९६१ अशा तीन खंडांत छापला गेला, आणि त्यांतील अक्षरें एकेक करून पटावर मांडलीं कीं घोडा अजूनहि चौसष्ट घरें फिरतो.