परसातली कोंबडी आणि पोल्ट्रीची जागा

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत काही लिहा, असे अध्यक्षबाईंनी सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. थोरामोठ्यांचा इतिहास मी काय लिहिणार? पण कोंबडीलाही इतिहास आहे आणि त्यात बायकांचा वाटा मोठा आहे, म्हणून हे चार शब्द.

आमच्या सासूबाई सांगत, पूर्वी पनवेलच्या आसपासच्या गावांत घरोघरी खुराडे असे. भाताचा कोंडा, कणी आणि उकिरडा एवढ्यावर कोंबडी पोसली जाई. अंड्यांचे पैसे बाईचे, त्यांचा हिशोब कोणी विचारत नसे. मात्र मानमोडीची साथ आली की खुराडे एका आठवड्यात रिकामे होई. याच रोगाला १९२८ पासून आपल्या देशात राणीखेत म्हणतात.

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात, म्हणजे १९५६ ते १९६१ मध्ये, सरकारने मुंबईसह काही ठिकाणी कोंबडीपैदास केंद्रे काढली. विलायती लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड या जाती आल्या, लसी आल्या. पुढे खाजगी हॅचरी निघाल्या आणि हजारो पक्ष्यांचे शेड उभे राहिले. अंडी पुष्कळ झाली, पण बाईच्या गाठीचा पैसा शेडच्या वहीत गेला.

शेडांवर संकटही मोठे येते. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. एका वेळी एवढे पक्षी एकत्र असले की रोगालाही एकदमच सारे सापडतात.

आमच्या घरामागे एक बंद पडलेली पोल्ट्री आहे. तिथे मी कोंबड्या पाळणार म्हटल्यावर शेजारणी म्हणाल्या, “ताई, ती जागा बरी नव्हे.” त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. रक्ती हगवणीचे जंतू ओल्या तुसात महिनोन्‌महिने टिकून राहतात आणि आपल्या कोकणात ओल काय कमी! म्हणून हिवाळ्यात जुने तूस जाळले, वरची माती खरवडून दूर टाकली, भिंती घासून चुना लावला आणि सारा उन्हाळा जागा मोकळी तापू दिली. पावसाळा सरल्यावर दहा पिल्ले आणली. ती बंगळूरला तयार झालेल्या गिरिराज जातीची. पहिल्याच आठवड्यात मानमोडीची लस डोळ्यात थेंब टाकून दिली, दोन महिन्यांनी दुसरी टोचून घेतली. दोन पिल्ले मुंगसाने नेली, आठ वाढली. ही जात सहसा खुडूक होत नाही, म्हणून अंडी उबवायला एक गावठी कोंबडी ठेवली. एकविसाव्या दिवशी तिच्या पंखाखाली चिवचिव ऐकू आली, तेव्हा त्याच शेजारणी पिल्ले मागायला आल्या.

भगिनींनो, तूस कोरडे ठेवा, पाणी रोज बदला, नवे पक्षी दोन-तीन आठवडे वेगळे ठेवा. एकदम बरेच पक्षी मेले तर लपवू नका, हात न लावता जनावरांच्या दवाखान्यात कळवा. आठ कोंबड्यांनी कोणी श्रीमंत होत नाही. पण मुलीच्या वहीपुस्तकांसाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही, एवढे मी अनुभवाने सांगते. मंडळातील ज्या भगिनींच्या घराला परस आहे, त्यांनी यंदा एक खुराडे घालावे, ही विनंती.