भोंगा आणि घंटा

कासारवाडीत मी कारखान्याच्या भोंग्यावर वेळ ओळखत वाढलो. पहिली पाळी करून कॉलेजात पोचायचो, तेव्हा तास संपलेले असत. हजेरी भरली नाही म्हणून परीक्षा हुकली. दोष माझाच, असे बरीच वर्षे मानले. मग इतिहास वाचला.

बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडले. तिथे नोकरदारांसाठी सकाळचे वर्ग चालले. १९५० साली औरंगाबादेत कॉलेज काढले, तेच पुढे मिलिंद झाले. तिथे खेड्यापाड्यांतल्या पोरांना वसतिगृह मिळाले. म्हणजे बाबासाहेबांनी कॉलेजच पोरांच्या जगण्यात बसवले.

राखीव जागा दार उघडते. आत टिकवते ते वेळापत्रक आणि भाकरी. आमच्या पट्ट्यातल्या कॉलेजांनी घंटा वाजवण्याआधी भोंगा ऐकलाच पाहिजे.