'से' म्हणायचं की 'टेल'? उत्तर आपल्या मराठीतच आहे

बेळगाव असो, बडोदा असो की हैदराबाद, नोकरीचा अर्ज, बँकेतली तक्रार किंवा मुलाखत बऱ्याचदा इंग्रजीत होते. तिथे सर्वाधिक घसरगुंडी होते ती चार साध्या क्रियापदांवर : से, टेल, स्पीक, टॉक. खरं तर मराठी माणसाला हे सोपं जायला हवं. म्हणणे म्हणजे 'से', सांगणे म्हणजे 'टेल', बोलणे म्हणजे 'स्पीक' किंवा 'टॉक', इतका फरक आपण घरातच शिकतो. कोकणीतही म्हणप, सांगप आणि उलोवप वेगळे आहेत.

गोंधळ शेजारच्या भाषांमुळे वाढतो. कन्नडमधला 'हेळु' आणि गुजरातीतला 'कहेवुं' म्हणणे-सांगणे दोन्हींना चालतो. हिंदीच्या सहवासात आपणही 'मी त्याला बोललो की उद्या ये' असं सर्रास म्हणतो. मग इंग्रजीत 'ही सेड मी' येतं, आणि ते चूक आहे.

नियम एकच लक्षात ठेवा. 'टेल'नंतर ऐकणारा लगेच हवा : 'ही टोल्ड मी'. 'से'नंतर तो थेट येत नाही, मध्ये 'टू' लागतो : 'ही सेड टू मी'. मात्र इथे मराठीही फसवते. 'त्यांनी सांगितलं की उद्या सुट्टी आहे' हे आपल्याकडे बिनधास्त चालतं, कोणाला सांगितलं ते न सांगता. इंग्रजीत 'ही टोल्ड दॅट' होत नाही. ऐकणारा वाक्यात नसेल तर 'ही सेड दॅट' घ्या. काही ठरलेले प्रयोग मात्र ऐकणाऱ्याशिवायही चालतात : टेल द ट्रूथ, टेल अ लाय, टेल अ स्टोरी. नोटिशीत किंवा पाटीवर काय लिहिलंय ते सांगताना 'द नोटीस सेज' म्हणावं.

आता खरी जोखमीची जागा. 'टेल'पुढे 'टू' लावून काम जोडलं की तो हुकूम होतो. तक्रार अर्जात 'आय टोल्ड द मॅनेजर टू चेक माय अकाउंट' लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल, तुम्ही मॅनेजरला फर्मावलं. तुमच्या मनात विनंती असते. तिथे 'आस्क्ड' लिहा, औपचारिक पत्रात 'रिक्वेस्टेड'. 'आस्क'ला आपण फक्त 'विचारणे' समजतो, म्हणून हात तिकडे जात नाही. एका शब्दाने अर्जाचा सूर बदलतो.

स्पीक आणि टॉक यांत फार डोकं घालू नका, पुष्कळदा दोन्ही चालतात. भाषेसाठी 'स्पीक' : 'आय स्पीक मराठी'. फोनवर 'मे आय स्पीक टू' जास्त अदबीचं. गप्पा, चर्चा असेल तर 'टॉक'.

आणि 'सर मला खूप बोलले' याचं काय? इथे बोलणे म्हणजे रागावणे, तेव्हा 'स्कोल्ड' वापरा; 'सर टॉक्ड मी' ऐकून समोरचा गोंधळेल. तसंच आपण प्रार्थना म्हणतो आणि गाणंही म्हणतो, पण इंग्रजीत प्रार्थनेला 'से' चालतं, गाण्याला 'सिंग'च लागतं.